ऑब्ट्युरेटर चेता

ऑब्ट्युरेटर चेता ही मांडीच्या आतील बाजूच्या स्नायूंना चालना देणारी आणि तेथील त्वचेच्या काही भागाची संवेदना वाहून नेणारी चेता आहे. शरीराच्या प्रत्येक बाजूस ती एकेक असते. तिच्या नावाचे मूळ 'बंद करणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. बंद असते ते श्रोणीच्या हाडातील मोठे छिद्र. चेतेला त्याचे केवळ नाव मिळाले. हे छिद्र पडद्याने जवळजवळ पूर्ण झाकलेले असते आणि वरच्या कडेला उरलेल्या अरुंद वाटेतून चेता मांडीत उतरते.

उगम व मार्ग

कमरेच्या २ऱ्या, ३ऱ्या व ४थ्या मेरुचेतांच्या तंतूंपासून ती सोआस स्नायूमध्ये तयार होते व श्रोणीच्या बाजूच्या भिंतीलगत पुढे जाते. मांडीत तिच्या दोन शाखा होतात. पुढील शाखा ग्रासिलिस व ॲडक्टर लाँगस या स्नायूंना, तर मागील शाखा ॲडक्टर मॅग्नसच्या मोठ्या भागाला जाते. ॲडक्टर ब्रेव्हिस दोहोंच्या मध्ये असतो. हे स्नायू मांडी आत ओढतात. चेतेला इजा झाल्यास चालताना पाय बाहेर फेकला जातो.

गुडघ्यात जाणवणारे खुब्याचे दुखणे

या चेतेचे काही तंतू खुब्याच्या सांध्याला मिळतात, तर मागील शाखेचा एक बारीक धागा थेट गुडघ्याच्या सांध्यापर्यंत पोचतो. त्यामुळे बिघाड खुब्यात असूनही वेदना मांडीच्या आतल्या बाजूस किंवा गुडघ्यात जाणवू शकते.

चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. येथील गोंड, माडिया, परधान इत्यादी जमातींत, तसेच इतर काही समाजांतही, सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्तपुरवठा करणाऱ्या वाहिन्या मोजक्याच असल्याने तेथील हाड मृत होऊ शकते. असा रुग्ण पुष्कळदा केवळ गुडघा दुखतो असे सांगतो. गुडघ्याच्या क्ष-किरण चित्रात मात्र काहीच सापडत नाही. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाचा गुडघा दुखत असल्यास खुबाही तपासावा लागतो. मांडी आतल्या दिशेने फिरवताना दुखणे किंवा ती पुरेशी न फिरणे ही महत्त्वाची खूण होय. सुरुवातीस खुब्याचे क्ष-किरण चित्रही निर्दोष दिसू शकते. त्या अवस्थेत एमआरआय तपासणीने निदान होते. निदान लांबले आणि हाडाचे डोके खचले, तर पुढे सांधा बदलण्याची वेळ येऊ शकते.