आलेख हृदयाचा, बिघाड फुप्फुसाचा

उंच, सडपातळ तरुणाच्या छातीत डावीकडे अचानक कळ येते, धाप लागते. ईसीजी पाहून हार्ट अटॅकची शंका येते. पण हृदय ठणठणीत असू शकतं. फुप्फुसातून निसटलेली हवा छातीच्या पोकळीत साठते आणि फुप्फुस आकसतं. हाच न्यूमोथोरॅक्स.

मग हृदयाचा आलेख का बदलतो? ईसीजी हृदयातली विद्युत हालचाल त्वचेवरून टिपतो. हवा विजेची मंदवाहक. हृदय आणि छातीवरच्या इलेक्ट्रोडच्या मध्ये ती आली की संकेत क्षीण होतो. शिवाय हृदय जागचं सरकतं, थोडं वळतंही. त्यामुळे छातीवरच्या व्ही-१ ते व्ही-४ या इलेक्ट्रोडमध्ये एरवी चढत जाणारी ‘आर’ लाट खुजीच राहते, विद्युत अक्ष उजवीकडे झुकतो, कधी ‘टी’ लाट उलटी होते. हे सारं हार्ट अटॅकमध्येही दिसू शकतं.

स्टेथोस्कोपमधून दुखऱ्या बाजूचा श्वास मंद ऐकू आला, तर डॉक्टर एक्स-रे किंवा सोनोग्राफीने खात्री करतात. नळी घालून हवा काढली, फुप्फुस पुन्हा फुललं की आलेख बहुधा पूर्ववत होतो. छातीत दुखलं तर मात्र कारण घरी शोधत बसू नये. थेट रुग्णालय गाठावं.