चुकला तोच टिकला

शिकागोच्या छापखान्यांतले जुळारी १९४७ च्या नोव्हेंबरात संपावर गेले नसते, तर वृत्तपत्रांच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला चुकीचा मथळा कदाचित छापलाच गेला नसता. टाफ्ट-हार्टले या कामगार कायद्यामुळे चिघळलेला हा संप वर्ष उलटले तरी मिटला नव्हता. ‘शिकागो ट्रिब्यून’ने मात्र अंक थांबवला नाही. बातमी टंकलेखन यंत्रावर टाइप करायची, त्या कागदाचा फोटो काढायचा, फोटोवरून ब्लॉक तयार करायचा आणि मग छपाई, असा द्राविडी प्राणायाम रोज चाले. त्यात कितीतरी तास जास्त जात. म्हणून पाने नेहमीपेक्षा बरीच लवकर सोडावी लागत.

२ नोव्हेंबर १९४८ ची रात्रही याला अपवाद नव्हती. डेमोक्रॅटिक पक्षाचे, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष असलेले हॅरी ट्रुमन आणि रिपब्लिकन पक्षाचे थॉमस ड्यूई यांच्यातल्या लढतीची मते अजून मोजली जात होती आणि पहिल्या आवृत्तीची वेळ येऊन ठेपली होती. ‘ट्रिब्यून’चे वॉशिंग्टनमधले बुजुर्ग बातमीदार आर्थर सीअर्स हेनिंग यांनी वीस वर्षांतल्या पाच अध्यक्षीय निवडणुकांपैकी चारांचा अंदाज बरोबर वर्तवला होता. त्यांनी सांगितले, ड्यूईच येणार. कार्यकारी संपादक लॉय मलोनी यांनी त्यांच्यावर भिस्त ठेवली आणि पानभर मथळा चढला : ‘ड्यूई डिफीट्स ट्रुमन’. ड्यूईंनी ट्रुमनना हरवले! सुमारे दीड लाख अंक छापून झाले. गडबड इतकी, की मुख्य बातमीतल्या काही ओळी चक्क उलट्या छापल्या गेल्या.

रात्र चढत गेली तसे आकडे फिरू लागले. पुढच्या आवृत्तीत ड्यूई मथळ्यातून उतरले आणि त्यांच्या जागी राज्यातल्या पदांचा निकाल आला. तोही पहिल्या आवृत्तीच्या नेमका उलटा! इलिनॉय राज्यात रिपब्लिकनांची लाट असल्याचे आधी छापून गेले होते. प्रत्यक्षात त्याच राज्यात डेमोक्रॅट अ‍ॅडले स्टीव्हन्सन साडेपाच लाखांहून अधिक मतांनी गव्हर्नर झाले आणि ट्रुमन यांनीही थोडक्या मतांनी इलिनॉय जिंकले. म्हणजे ‘ट्रिब्यून’ला देशाचा कौल चुकला तो चुकलाच, पण स्वतःच्या अंगणातलाही चुकला.

सगळ्यांचीच खात्री

ही फजिती एकट्या ‘ट्रिब्यून’ची म्हणणे अन्यायाचे होईल. ड्यूई निवडून येणार याबद्दल त्या वर्षी अमेरिकेत शहाण्या माणसांत दुमत नव्हते. ट्रुमन यांचा पक्ष तीन ठिकाणी फुटला होता. एका बाजूला दक्षिणेतले स्ट्रॉम थर्मंड, दुसऱ्या बाजूला पुरोगामी हेन्री वॉलेस स्वतंत्रपणे उभे होते. ‘न्यूजवीक’ने पन्नास राजकीय पत्रकारांना विचारले, तेव्हा पन्नासच्या पन्नास जणांनी ड्यूईंचे नाव घेतले. ‘लाइफ’ साप्ताहिकाने तर मतदानाआधीच ड्यूईंचा बोटीतला फोटो ‘भावी अध्यक्ष’ म्हणून छापला.

खरी गंमत जनमत चाचण्यांची. एल्मो रोपर यांनी सप्टेंबरातच चाचण्या आवरत्या घेतल्या, कारण निकाल ठरलेलाच होता! जॉर्ज गॅलप यांनीही ऑक्टोबरच्या मध्यानंतर विचारणे थांबवले. त्यांचा शेवटचा अंदाज होता ड्यूई ४९.५ टक्के, ट्रुमन ४४.५ टक्के. प्रत्यक्षात ट्रुमनना ४९.६ आणि ड्यूईंना ४५.१ टक्के मते मिळाली. आकडे जवळपास अचूक, फक्त नावांची अदलाबदल!

यामागे दोन कारणे होती. शेवटच्या दोन आठवड्यांत ट्रुमन रेल्वेने गावोगाव फिरून, डब्याच्या मागच्या सज्जातून भाषणे करत मते वळवत होते, तेव्हा विचारणारे घरी बसले होते. दुसरे कारण पद्धतीतले. पुरुष किती, स्त्रिया किती, कोणत्या उत्पन्नगटातले किती, एवढा कोटा ठरवून दिला जाई. त्यात नेमके कोणाला गाठायचे, हे मात्र प्रश्न विचारणारा ठरवी. साहजिकच तो सहज भेटणाऱ्या, नीटनेटक्या वस्तीतल्या माणसांकडे वळे आणि त्यांत रिपब्लिकन जास्त सापडत. या अपयशाची तज्ज्ञांच्या समितीने चौकशी केली. त्यानंतर नमुना यादृच्छिक पद्धतीने निवडण्याकडे आणि मतदानाच्या तोंडापर्यंत विचारत राहण्याकडे या क्षेत्राची वाटचाल सुरू झाली. संख्याशास्त्राच्या वर्गात १९४८ चे उदाहरण आजही शिकवतात.

ताक पिऊन झोपलेला विजेता

या गदारोळात सगळ्यांत शांत होते ते ट्रुमन. मतदानाच्या संध्याकाळी मिसूरीतल्या एका हॉटेलात त्यांनी हॅम सँडविच खाल्ले, ग्लासभर ताक घेतले आणि ते झोपून गेले. मध्यरात्री जाग आली तेव्हा रेडिओवर एच. व्ही. काल्टेनबॉर्न सांगत होते, ट्रुमन पुढे आहेत, पण हरणार! पुढे एका मेजवानीत ट्रुमन यांनी काल्टेनबॉर्न यांची हुबेहूब नक्कल करून सभागृह हसवले.

४ नोव्हेंबरला वॉशिंग्टनला परतताना त्यांची गाडी सेंट लुईस स्थानकात थांबली. कोणीतरी ‘ट्रिब्यून’चा तो अंक हाती दिला. ट्रुमन यांनी तो दोन्ही हातांनी उंच धरला, तोंडभर हसले आणि छायाचित्रकारांनी तो क्षण टिपला. याच पत्राने त्यांच्यावर वर्षानुवर्षे सडकून टीका केली होती. त्या सगळ्या अग्रलेखांचे उत्तर एका फोटोने दिले. पुढे ‘ट्रिब्यून’नेही मन मोठे केले. त्या मथळ्याची प्रतिकृती असलेला फलक ट्रुमनना भेट द्यायचे ठरले, पण त्याआधीच, डिसेंबर १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे २००४ मध्ये वाजपेयी सरकार परतणार असे बहुतेक चाचण्या सांगत होत्या. २०२४ मध्ये अनेक मतदानोत्तर अंदाजांनी रालोआला साडेतीनशेच्या पुढे नेले, मोजणीत २९३ जागा भरल्या. दोन्ही वेळी मतदाराने तज्ज्ञांना चकवले. लोकशाहीत यासारखी आनंदाची गोष्ट नाही. शिकागोचा तो मथळा म्हणूनच मला प्रिय आहे. मतपेटी उघडून शेवटचे मत मोजले जाईपर्यंत कोणाचाही अनुभव, कोणाचीही टक्केवारी आणि कोणत्याही वृत्तपत्राची घाई मतदाराचा निकाल ठरवू शकत नाही, ही गोष्ट त्याने साऱ्या जगाला हसवत शिकवली. प्रत्येक वृत्तपत्राच्या कचेरीत तो फोटो भिंतीवर लावावा, आणि निवडणुकीच्या रात्री पान सोडणाऱ्याने त्याच्याकडे एकदा जरूर पाहावे.