वारेत आईचं रक्त येण्याआधी गर्भ कशावर पोसतो?

पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. त्यातल्या ग्रंथी सरळ, अरुंद असतात. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉनचा अंमल सुरू होतो. दोन-तीन दिवसांतच ग्रंथींच्या पेशींत, केंद्रकाच्या खाली, ग्लायकोजेन साठतं. पुढे ते वर सरकून बाहेर पाझरतं आणि ग्रंथी नागमोडी होतात. बीज सुटल्यावर सहा ते दहा दिवसांत गर्भ रुजतो, तोवर हा स्राव भरात आलेला असतो.

वारेत आईचं रक्त पूर्णपणे खेळू लागतं ते तिसऱ्या महिन्याच्या सुमारास. तोपर्यंत गर्भाचं पोषण मुख्यतः याच स्रावावर होतं, हे केंब्रिजच्या ग्रॅहॅम बर्टन यांच्या गटाने 2002मध्ये दाखवलं.

स्राव कमी पडला तर? शेफिल्डच्या संशोधकांनी 1990च्या दशकात गर्भाशयाच्या पोकळीत सलाइन सोडून ते परत काढून तपासलं. वारंवार गर्भपात झालेल्या ज्या स्त्रियांच्या अस्तराची वाढ मागे पडलेली होती, त्यांच्यात या स्रावातलं ग्लायकोडेलिन हे प्रथिन कमी आढळलं. वारंवार गर्भपाताचं कारण एवढंच नसतं. अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत तपासण्या करूनही कारण हाती लागत नाही. म्हणूनच ‘तू जड उचललंस, जिना चढलीस’ हा ठपका निराधार आणि क्रूर आहे.

मग प्रोजेस्टेरॉन दिलं तर? ब्रिटनमधल्या 2019च्या चाचणीत, आधी तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्या आणि गरोदरपणाच्या सुरुवातीला रक्तस्राव होत असलेल्या स्त्रियांपैकी प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्या 72 टक्के, तर न घेणाऱ्या 57 टक्के स्त्रियांचं बाळंतपण सुखरूप झालं.