नफ्यातील दुकाने का विकली जातात?

दुकान नफ्यात आहे, एवढ्यावरून मालकाने ते राखावेच असे ठरत नाही. मालमत्तेचे मोल कालच्या नफ्यावर नव्हे, तर उद्याच्या अपेक्षित मिळकतीवर ठरते. ऑगस्ट २०२० मध्ये मॅरेथॉन पेट्रोलियम या अमेरिकन कंपनीने 'स्पीडवे' ही सुमारे ३,९०० पेट्रोलपंप-दुकानांची साखळी सेव्हन-इलेव्हनला २१ अब्ज डॉलरना विकण्याचे जाहीर केले. साखळी नफ्यात होती. विद्युत वाहने वाढली, तर पंपावर थांबणारे ग्राहक घटतील, ही भीती बाजारात होतीच. मात्र तीच भीती सर्वांना सारखी वाटली, तर एवढी किंमत देणार कोण? विक्रीसाठी दोन्ही पक्षांच्या लेखी मालमत्तेचे मोल भिन्न असावे लागते. मॅरेथॉनचा मूळ व्यवसाय तेलशुद्धीकरणाचा, तर सेव्हन-इलेव्हनचा किरकोळ विक्रीचा. पेट्रोल घटले तरी दुकान चालविण्याची विद्या तिच्यापाशी होती. शिवाय एलियट ही गुंतवणूकदार संस्था २०१९ पासून कंपनीच्या विभाजनाचा आग्रह धरीत होती. आमच्या मते हा दबाव दुय्यम मानता येणार नाही. विद्यार्थ्यांनी एक बारकावा ध्यानात घ्यावा. दुकाने देताना मॅरेथॉनने त्यांना १५ वर्षे इंधन पुरविण्याचा करार केला. दुकानांची जोखीम खरेदीदाराकडे गेली. शुद्धीकरण कारखान्यांचे गिऱ्हाईक मात्र हातचे सुटले नाही.