दौलताबाद आणि एक टू-बी पेन्सिल

कुठल्याही शाळकरी मुलीला म्हणा, 'निसर्गचित्र काढ'. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि शेजारी नारळाचं झाड! आमच्या मराठवाड्यात नारळ कुठून आला, देव जाणे. वस्तीतल्या मुलींचा चित्रकलेचा वर्ग घेताना हेच चित्र वहीमागून वहीत बघते. तेही संभाजीनगरपासून जेमतेम १५ किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला उभा असताना!

मैत्रिणींनो, हा किल्ला दोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या पुस्तकात छापून आला होता. कॅप्टन रॉबर्ट ग्रिंडले हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. (ग्रिंडलेज बँक आठवते? ती याचीच.) पश्चिम भारतातल्या दृश्यांचा त्याचा चित्रसंग्रह १८२६ ते १८३० या काळात निघाला, त्यात आपलं दौलताबाद आहे. त्या काळी युरोपात कड्यावरच्या पडक्या किल्ल्यांचं वेडच होतं. टर्नर या इंग्रज चित्रकाराने १८१७ मध्ये ऱ्हाइन नदीकाठी फिरून पेन्सिलीने वह्याच्या वह्या भरल्या. पेन्सिलही तेव्हा नव्याने सुधारलेली. फ्रान्सच्या कोन्ते यांनी १७९५ मध्ये ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून ती भाजली. माती जास्त तर शिसं कडक, कमी तर मऊ. आपण दुकानात एचबी, टू-बी मागतो ती त्यांचीच पुण्याई.

त्या चित्रांची एक खोड होती. कडा असेल त्याहून उंच, आभाळ भरून आलेलं, पायथ्याशी मुंगीएवढी माणसं. दौलताबादला मात्र असं काही वाढवून दाखवायची गरजच नाही, असं आपलं माझं मत. सुमारे ६०० फुटांची टेकडी, खालचा कातळ चहूबाजूंनी तासून भिंतीसारखा उभा केलेला आणि त्याला लागून खंदक.

हिवाळ्यात मुलींना तिथेच घेऊन गेले. रंगपेटी म्हटलं की निम्म्या घरांतून नकार येतो, म्हणून फक्त पेन्सिल आणि पुठ्ठा. आठवीतली एक जण खोडून खोडून रडकुंडीला आली. "ताई, ह्यो डोंगर त्रिकोणी होतच नाही!"

"मग जसा दिसतो तसा काढ की."

तासाभराने कडा सरळ उभा राहिला.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षा. इंटरमिजिएट पास झाली तर दहावीला वाढीव गुण मिळतात, हे तिच्या घरी सांगायला गेले. वडील काहीच बोलले नाहीत. आई मात्र दर महाशिवरात्रीला याच रस्त्याने वेरूळला जाणारी. चित्र हातात घेऊन म्हणाली, "दरवाजाचे खिळे कुठं हायेत गं?"

पुढच्या रविवारी माय-लेकी दोघी येणार आहेत. खिळे बघायला.