दोन भिंगांची मामिया

व्यक्तिचित्रणासाठी १२० च्या रोलचा कॅमेरा घ्यावयाचे ज्याने ठरविले आहे, तो बहुधा भिंगाच्या धारदारपणाची चौकशी आधी करतो. परंतु माणूस समोर बसवून ज्याचे काम चालावयाचे, त्या यंत्राची परीक्षा माझ्या मते दोन प्रश्नांवरून व्हावी: चेहऱ्याचे प्रमाण न बिघडवता ते किती जवळून टिपू देते, आणि शटर उघडते नेमक्या त्याच क्षणी तो चेहरा छायाचित्रकाराला दिसत असतो की नाही. निगेटिव्हच्या आकाराविषयी वाद नाही. कोडॅकने १९०१ साली आणलेल्या या रोलवरचा चौरस सुमारे ५६ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने ३५ मिलिमीटरच्या चौकटीच्या साडेतीन पटींहून अधिक. त्यामुळे प्रिंट मोठा काढला तरी गालावरून कानाकडे ओसरत जाणाऱ्या छायेचे सूक्ष्म टप्पे शाबूत राहतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हायडेके यांनी १९२९ साली रोलिफ्लेक्सच्या रूपाने दिले. एकावर एक अशी दोन भिंगे, वरचे पाहण्यासाठी, खालचे फिल्मसाठी. वरच्या भिंगामागचा आरसा जागचा हलत नाही, म्हणून दुधी काचेवरील प्रतिमा शटरच्या त्या अस्फुट आवाजातही अखंड राहते आणि पापणी मिटली की नाही हे तत्क्षणी कळते. शिवाय छायाचित्रकार मान खाली घालून काचेत पाहत असल्यामुळे बसलेल्या माणसावर यंत्राच्या आडून रोखलेला डोळा नसतो, त्याला समोर एक माणूसच दिसतो, आणि त्याच्या चर्येतील ताठरपणा बराच उतरतो. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांच्या हाती हाच कॅमेरा असे.

परंतु पहिल्या प्रश्नापुढे रोलिफ्लेक्स अडखळतो. नेहमीच्या नमुन्यांचे भिंग ७५ किंवा ८० मिलिमीटरचे, कायमचे बसविलेले; सुमारे एक मीटरच्या आत जावयाचे तर पुढे जोडभिंग लावावे लागते, आणि तितके जवळ गेले की नाक पुढे येते, कान मागे सरतात. याउलट स्वीडनच्या हासेलब्लाड ५०० सी या १९५७ च्या कॅमेऱ्यावर १५० मिलिमीटरचे झोनार भिंग लावले, किंवा जपानच्या मामिया आरबी ६७ चा, भिंग पुढेमागे सरकविणारा, भाता लांबवला, की चेहरा आपल्या प्रमाणात चौकटीत बसतो. मात्र दोहोंतही आरसा वर उडतो आणि पुढची चौकट सज्ज होईपर्यंत खाली येत नाही. ज्या क्षणाचे चित्र निघाले, नेमका तोच क्षण छायाचित्रकाराच्या दृष्टीआड झालेला असतो.

दोन्ही प्रश्नांना एकाच वेळी उत्तर देणारा कॅमेरा मामियाच्या सी मालिकेत सापडतो, आणि रूपाने तो बेढब असल्यामुळे त्याची उपेक्षा झाली याचे मला मनापासून वाईट वाटते. १९६९ सालच्या सी ३३० वर भिंगांची जोडीच बदलता येते. १३५ किंवा १८० मिलिमीटरची जोडी चढवून खालचा गोल फिरवला की भाता पुढे सरकतो, चेहरा भरदार दिसू लागतो, आणि आरसा स्थिर तो स्थिरच. भिंगे बदलताना फिल्मवर उजेड पडू नये म्हणून आत एक पडदा उचलण्याची तजवीज केलेली आहे. डायेन आर्बस यांनी १९६२ च्या सुमारास ३५ मिलिमीटर सोडून रोलिफ्लेक्स घेतला व पुढे त्या मामियाच्याच दोन भिंगांच्या कॅमेऱ्याकडे वळल्या.

या यंत्राची एक अडचण मात्र खरी आहे. डोळा वरच्या भिंगातून पाहतो आणि फिल्म खालच्यातून, त्यामुळे जवळून घेताना काचेवर नीट बसलेला माथा निगेटिव्हवर कापला जातो. सी ३३० च्या काचेवर सरकणारा काटा ही मर्यादा दाखवितो, आणि भाता लांबल्यावर प्रकाश किती वाढवावा हेही सांगतो. परंतु तिपाईवर काम करणाऱ्याने पॅरामेंडर नावाचे जोडसाधन जरूर मिळवावे. फोकस झाल्यावर त्याचा दांडा फिरवला की कॅमेरा दोन भिंगांमधील अंतराइतकाच वर उचलला जातो, आणि जेथे पाहणारे भिंग होते तेथे घेणारे भिंग येऊन बसते. एवढी सबुरी ज्याला नाही, त्याने हासेलब्लाड घ्यावा. आणि ज्याचे सारे काम स्टुडिओतच चालते त्याला आरबी ६७ ची मोठी चौकट, आडवी-उभी फिरणाऱ्या पाठीसह, अधिक मानवेल.

जुनाच माल घ्यावयाचा असल्यामुळे तपशील डोळ्यांखालून घालावा. कोकणात व मुंबईत पावसाळाभर बंद पेटीत राहिलेल्या भिंगाला बुरशी धरते. शटर ‘बी’ या खुणेवर उघडे ठेवून मागून विजेरीचा झोत टाकला की तिची बारीक जाळी दिसते. भाता पूर्ण लांबवून अंधाऱ्या खोलीत आत दिवा धरावा आणि घड्यांच्या कोपऱ्यांतून उजेड झिरपतो का पाहावे. एक सेकंदाची गती अडखळत असेल तर शटर साफ करून घेण्याचा खर्च किमतीतून वजा करावा, आणि विक्रेता ८० मिलिमीटरची जोडी गळ्यात घालू पाहील तर १३५ ची मिळेपर्यंत थांबावे.