हिरवळीआधीची मशागत
(लेखांक पाचवा)

सिलेक्शन वन घ्यायचं की कोरियन कार्पेट, हे मागच्या लेखात ठरवून झालं. आता हात लगेच नर्सरीच्या फोनकडे जातो. जरा दमानं घ्या. तयार लॉनचे तुकडे आणायचे ते जून लागल्यावर. एप्रिल-मे हे दोन महिने जमिनीचे.

अंगणात माजलेलं रान पाहिलं की एखादा गडी लावून सगळं एकदाच खणून टाकावंसं वाटतं. त्याआधी खाली बसून नेमकं काय उगवलंय ते बघा, कारण इलाज त्यावर ठरतो. घोळ, माठ, टाकळा ही बियांवर जगणारी मंडळी. गाजर गवतही त्यातलंच. 1950 च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि देशभर पसरलं. ते फुलायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट उपटावं, नाहीतर अंगाला खाज सुटते. ही सगळी त्रासदायक खरी, पण हाताबाहेरची नाहीत.

खरा पुंड तो लव्हाळा. खुरप्यानं एक रोप हलकेच मोकळं करून पाहा. तिधारी दांडा, बुडाशी गाठ, तिच्यातून निघालेला दोऱ्यासारखा तंतू, त्याच्या टोकाला काळपट गाठ, पुढे आणखी एक. वरून ओढलं की पातं हातात येतं आणि गाठी जमिनीतच राहतात. साखळीत असताना त्यातल्या बऱ्याच निद्रिस्त असतात, सुट्या झाल्या की फुटतात. म्हणून ओल्या जमिनीत रोटाव्हेटर फिरवणं म्हणजे लव्हाळ्याची लागवडच. त्याचा टोकदार कोंब शेतातलं प्लॅस्टिकचं आच्छादन भोसकून वर येतो, तिथे लॉनच्या तुकड्याची काय कथा!

यावर शेतकऱ्यांची उन्हाळी नांगरटच कामी येते. पाणी न देता कुदळीनं वीतभर खोल खणा, ढेकळं उलटी पाडून उन्हात तापू द्या, आठवड्यानं पुन्हा फिरवा आणि दिसतील त्या गाठी वेचा. पूर्ण सुकलेली गाठ मरते. मधेच धुरळा बसावा म्हणून पाणी मारलंत तर सगळं मुसळ केरात. वेचलेल्या गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. हरळीलाही हाच उपाय. मात्र सिलेक्शन वन ही हरळीचीच निवडक जात, त्यामुळे तिच्यात थोडी हरळी राहिली तर खपून जाते. कोरियन कार्पेटमध्ये ती लगेच डोळ्यांवर येते.

‘ग्लायफोसेट मारून टाकू का?’ हा प्रश्न नेहमी येतो. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. शिवाय ते हिरव्या पानांतून आत जातं. जमिनीत दडलेल्या बियांचं काहीच बिघडवत नाही. घरच्या अंगणात माझं मत कुदळीलाच.

बियांचा निकाल मेअखेरीस लावायचा. ढेकळं फोडा, दाताळ्यानं सपाट करा आणि मग भरपूर पाणी द्या. आठ-दहा दिवसांत कोवळं तण वर येईल. वाफसा आला की खुरप्यानं वरच्या वर खरवडा, खोल जाऊ नका. खोल गेलात की खालचं नवं बी वर येतं. वेळ असेल तर हे पुन्हा एकदा करा.

लाल माती आणि शेणखत घालायचं असेल तर ते या फेरीच्या आधी. बाहेरच्या मातीतून लव्हाळ्याच्या गाठी हमखास येतात, तेव्हा ढीग उपसून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कच्चं शेणखत म्हणजे तणाचं बियाणंच.

राहिला उतार. तो घराच्या भिंतीपासून बाहेर, मीटरमागे एक-दोन सेंटिमीटर. फरशीच्या कडेला माती दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवा, म्हणजे लॉन बसल्यावर पातळी जुळते. हलका रोलर फिरवा आणि वरून चालून पाहा. पाय रुतला तर अजून दाबायला हवी.

तुकडे अंथरायचे कसे, ते पुढच्या आठवड्यात. तोवर नर्सरीत आगाऊ रक्कम भरू नका. दुसऱ्या खरवडणीनंतरही लव्हाळा डोकं काढत असेल, तर लॉन पुढे ढकला.